ओपनपीजीपी की एस-माइम: एका भाषांतर कार्यालयाचा तीन वर्षांचा अनुभव

पुण्यात आमचे चार जणांचे भाषांतर कार्यालय आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या कामाचा मोठा भाग जर्मन भाषेतला असतो. करारनामे, वारसाहक्काचे दाखले, रुग्णालयांचे अहवाल, कधी घटस्फोटाच्या खटल्यातील निकालपत्र, असे दुसऱ्यांच्या घरातले कागद रोज आमच्या टेबलावर येतात. तीन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात दोन पत्रे आली. जर्मनीतील एका वकिली कार्यालयाने कळवले की यापुढे कागदपत्रे एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे फक्त घेणाऱ्यालाच उघडता येईल अशा बंद केलेल्या, मेलनेच पाठवली जातील आणि त्यासाठी आमच्याकडे एस-माइमचे प्रमाणपत्र असायला हवे. त्यानंतर आठवड्याभरात बर्लिनमधील एका संशोधक बाईंनी, आपल्या मुलाखतींच्या नोंदी भाषांतराला देण्याआधी, आमची ओपनपीजीपीची सार्वजनिक चावी मागितली. मेल असा बंद करण्याची ही दोन मानके एकमेकांना उमगत नाहीत. एकाने बंद केलेला मेल दुसऱ्याने उघडता येत नाही. त्यामुळे दोन्ही घ्यावी लागली, आणि थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये दोन्हींची सोय असल्याने एकाच संगणकावर, एकाच पत्त्यासाठी ती शेजारी शेजारी वापरून पाहता आली.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे, कारण आमच्या ग्राहकांपैकी निम्मे लोक तिथेच अडतात. जीमेलमध्ये पत्त्याशेजारी दिसणारे छोटे कुलूप म्हणजे मेल एका सर्व्हरहून दुसऱ्या सर्व्हरकडे जाताना वाटेत झाकलेला होता एवढेच. दोन्ही टोकांच्या सर्व्हरवर तो उघडाच असतो. ‘कॉन्फिडेन्शियल मोड’मध्येही मजकूर गूगलकडे वाचता येण्याजोगाच राहतो. ओपनपीजीपी आणि एस-माइम यांत मात्र मेल पाठवणाऱ्याच्या संगणकावर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या संगणकावरच उघडतो.

आतली यंत्रणा दोघांचीही जवळपास सारखीच आहे. मजकूर एका तात्पुरत्या चावीने बंद केला जातो, ती तात्पुरती चावी समोरच्याच्या सार्वजनिक चावीने बंद करून मेलसोबत जाते, आणि फक्त त्याच्याकडच्या खासगी चावीने ती बाहेर काढता येते. सहीसाठी याच्या उलट घडते: खासगी चावीने सही करायची आणि सार्वजनिक चावीने ती कोणीही तपासायची. तेव्हा यातले जास्त भक्कम कोणते, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. खरा फरक इथे आहे की ही चावी त्याच माणसाची आहे याची हमी कोण देतो. एस-माइममध्ये ती हमी एखादी प्रमाणन संस्था देते. ओपनपीजीपीमध्ये ती आपण स्वतः करून घ्यायची असते. पुढच्या साऱ्या सोयी आणि साऱ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात, असे माझे मत झाले आहे.

एस-माइमपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे त्याची अर्धी तयारी अनेक कार्यालयांत आधीच असते. जीएसटी, कंपनी खात्याची कागदपत्रे आणि सरकारी निविदा यांसाठी आपण जे डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचे, डोंगल वापरतो, त्यात एस-माइमला लागते त्याच जातीचे प्रमाणपत्र असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेले प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक, म्हणजे सीसीए, यांनी परवाना दिलेल्या संस्थाच ते देऊ शकतात, आणि त्याने केलेल्या सहीला कायद्याची मान्यता असते. ओपनपीजीपीने केलेल्या सहीला ते स्थान नाही, हे व्यवहाराच्या दृष्टीने लक्षात ठेवावे. आमच्या डीएससीमध्ये सहीचे आणि एन्क्रिप्शनचे अशी दोन्ही प्रमाणपत्रे होती, ज्याला विक्रेते ‘कॉम्बो’ म्हणतात. ते घेताना एक गोष्ट तपासावी: प्रमाणपत्रावर आपला चालू ईमेल पत्ता असायला हवा, कारण मेलचा पत्ता आणि प्रमाणपत्रावरचा पत्ता जुळला नाही तर मेल प्रोग्रॅम ती सही ग्राह्य धरत नाही.

मुंबईच्या एका कंपनीशी आम्ही याच डोंगलच्या आधारे दोन वर्षे एन्क्रिप्टेड मेल करत होतो. त्यासाठी दोन्हीकडच्या थंडरबर्डमध्ये सीसीएचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे बाकीच्या प्रमाणपत्रांची हमी ज्यावर टेकलेली असते ते, हाताने बसवावे लागले, कारण थंडरबर्ड वापरतो त्या मोझिलाच्या विश्वासाच्या यादीत ते नव्हते. जर्मनीच्या वकिलांना मात्र “आमच्या देशाचे मूळ प्रमाणपत्र तुमच्या यंत्रावर बसवून घ्या” असे सांगणे शक्य नव्हते, आणि त्यांनी ते मानायलाही नको होते. एखादे मूळ प्रमाणपत्र बसवणे म्हणजे त्या संस्थेच्या प्रत्येक शब्दावर आगाऊ सही करून देणे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन शाखेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडल्याचे उघड झाले होते. सीसीएने ती शाखा प्रमाणपत्रे रद्द केली, आणि गूगलने क्रोममध्ये सीसीएवरचा विश्वास मोजक्या भारतीय नावांपुरता मर्यादित केला. वकिलांशी व्यवहारासाठी म्हणून आम्ही एका युरोपीय संस्थेकडून वेगळे प्रमाणपत्र विकत घेतले. त्याची साधी जात फक्त पत्त्यावर एक मेल पाठवून पडताळली जाते. संस्थेच्या नावाची हमी हवी असेल तर नोंदणीचे कागद द्यावे लागतात आणि आठवडा जातो. १ सप्टेंबर २०२३ पासून या प्रमाणपत्रांसाठी जगभरच्या प्रमाणन संस्था आणि मेल प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी मिळून ठरवलेले किमान नियम लागू झाले आहेत, त्यामुळे कोणत्या जातीत नेमके काय पडताळले गेले आहे हे आता निदान ठरलेले असते. काही ठिकाणी मोफत किंवा स्वस्त प्रमाणपत्र देताना खासगी चावीही त्या संस्थेच्याच सर्व्हरवर तयार होते आणि आपल्याला तयार फाइल मिळते. अशी फाइल मी घेणार नाही. जी चावी एकदा दुसऱ्याच्या यंत्रावर होती, तिला खासगी म्हणण्यात अर्थ राहत नाही.

प्रमाणपत्र हाती आल्यावर मात्र एस-माइमचा रोजचा वापर इतका सुखाचा आहे की सुरुवातीचा सगळा त्रास विसरायला होतो. वकिलांचा सही केलेला पहिला मेल आला, त्यांचे प्रमाणपत्र थंडरबर्डने आपोआप जपून ठेवले, मी उत्तर लिहिताना एन्क्रिप्टचे बटण दाबले आणि काम झाले. त्यांच्याकडे आउटलुक आहे, त्यांच्यापैकी एक जण आयफोनवर मेल वाचतात. दोन्ही ठिकाणी एस-माइम मुळातच असल्याने कोणालाही वेगळे काही बसवावे लागले नाही. वकिलांच्या कार्यालयात संगणक सांभाळणारा माणूस प्रमाणपत्रांची काळजी घेतो आणि बाकीच्यांना त्याचे नावही माहीत असण्याची गरज नसते. जिथे अशी सोय आहे तिथे एस-माइमला तोड नाही.

आता जे सर्वांत महाग पडले ते सांगते. मागच्या वर्षी डीएससीची दोन वर्षांची मुदत संपली आणि आम्ही ते नूतनीकरणासाठी विक्रेत्याकडे दिले. संध्याकाळी डोंगल परत आले, नवे प्रमाणपत्र व्यवस्थित चालले, जीएसटीचा अर्जही भरून झाला. चार दिवसांनी मुंबईच्या कंपनीचा जुना करारनामा पाहायचा म्हणून मी मेल उघडला, तर थंडरबर्डने सांगितले की हा मेल उघडता येत नाही. त्याच्या वरचा नाही, खालचा नाही, दोन वर्षांतला एकही नाही. विक्रेत्याच्या माणसाने नवे प्रमाणपत्र टाकण्याआधी डोंगल पूर्ण पुसून घेतले होते. मी फोन केला तेव्हा तो मनापासून म्हणाला, “मॅडम, जुनं एक्स्पायर झालं होतं, ठेवून काय करणार?” त्याच्या रोजच्या कामापुरते त्याचे बरोबरच होते. सहीची चावी मुदत संपल्यावर नष्ट केली तरी चालते, कारण आधी केलेल्या सह्या तपासायला सार्वजनिक चावी पुरते. एन्क्रिप्शनच्या चावीचे नेमके उलटे असते: तिची मुदत संपली तरी तिने बंद केलेली पत्रे आपल्यापाशी असेपर्यंत ती आपल्यापाशी असलीच पाहिजे. डोंगलच्या आत तयार झालेली चावी बाहेर काढता येत नाही, हीच त्याची सुरक्षितता आहे, आणि म्हणूनच ती पुसली गेली की जगात कुठेही उरत नाही. कंपनीने त्यांच्या बाजूच्या प्रती पुन्हा पाठवल्या, पण सगळ्या त्यांच्याकडेही नव्हत्या. तेव्हापासून डोंगल फक्त सहीसाठी वापरायचे आणि एन्क्रिप्शनसाठी ज्याची फाइल जपून ठेवता येते असेच प्रमाणपत्र घ्यायचे, असा आमचा नियम आहे, आणि डीएससी वापरणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला मी हेच सांगेन.

ओपनपीजीपीची सुरुवात याच्या अगदी विरुद्ध झाली. पूर्वी थंडरबर्डमध्ये त्यासाठी एनिग्मेल नावाचे पूरक साधन आणि सोबत जीएनयूपीजी हा ओपनपीजीपीचा वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागे. २०२० मध्ये आलेल्या ७८व्या आवृत्तीपासून ती सोय प्रोग्रॅममध्येच आली. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन नवी चावी तयार करायला मिनिटभर लागला. पैसे नाहीत, कागदपत्रे नाहीत, कोणाची परवानगी नाही. या मोकळेपणाला इतिहास आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी, म्हणजे ओपनपीजीपी ज्यातून पुढे आले तो प्रोग्रॅम, लोकांच्या हाती दिले, तेव्हा अमेरिकेत असे सॉफ्टवेअर देशाबाहेर जाणे शस्त्रनिर्यातीसारखे धरले जाई. त्यांची चौकशी १९९६च्या सुरुवातीला बंद झाली, आणि दरम्यान एमआयटी प्रेसने त्या प्रोग्रॅमचा संपूर्ण मूळ मजकूर पुस्तकरूपाने छापला, कारण छापील पुस्तक परदेशी पाठवायला आडकाठी नव्हती. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

आमची चावी तयार झाली, पण बर्लिनच्या बाईंकडून आलेली चावी खरोखर त्यांचीच आहे हे कोण सांगणार? थंडरबर्ड नवी चावी आली की विचारतो: ती नाकारायची, नंतर ठरवायचे, न पडताळता स्वीकारायची, की स्वतः पडताळून स्वीकारायची. चौथा पर्याय निवडायचा तर चावीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरे-आकड्यांची ओळ, मेलखेरीज दुसऱ्या मार्गाने जुळवावा लागतो. आम्ही फोनवर जुळवला. चाळीस अक्षरे-आकडे, चार-चारचे दहा गट. त्यातली अक्षरे ए ते एफ एवढीच असतात आणि नेमकी बी, डी, ई ही फोनवर एकसारखी ऐकू येतात, म्हणून त्या बर्लिन, ड्युसेलडॉर्फ, एसेन म्हणत होत्या आणि मी आपल्या सवयीने बॉम्बे, दिल्ली, इंग्लंड म्हणत होते. सातव्या गटात त्यांनी बर्लिन म्हटले आणि माझ्या कागदावर आठ दिसत होता. दोघीही थांबलो. पडद्यावर मोठे करून पाहिले तर तिथे बी होते. आमच्या प्रिंटरने ते आठसारखे छापले होते. साऱ्याला सहा मिनिटे लागली. त्या सहा मिनिटांत मला जी खात्री मिळाली ती कोणत्याही संस्थेच्या प्रमाणपत्रातून मिळाली नव्हती, कारण त्यात तिसरे कोणीच नव्हते.

हीच सहा मिनिटे दर ग्राहकामागे खर्चायची म्हटली तर मात्र ओपनपीजीपी अवघड होते, आणि बहुतेक लोक ती खर्चत नाहीत. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी पीजीपीच्या पाचव्या आवृत्तीची परीक्षा घेतली होती. बारा जणांना दीड तास दिला, तरी त्यांतील एक तृतीयांश लोकांनाच मेलवर सही करून तो नीट एन्क्रिप्ट करता आला, आणि तिघांनी गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवला. आजचा थंडरबर्ड त्याहून पुष्कळ सोपा आहे, पण चावी कोणाची हा प्रश्न तसाच आहे. पूर्वी सार्वजनिक चाव्यांच्या सर्व्हरवर कोणीही कोणाच्याही नावाची चावी टाकू शकत असे. शिवाय चावीची हमी म्हणून तिच्यावर इतरांना सही करता येई, आणि जून २०१९ मध्ये काही जणांच्या चाव्यांवर अशा हजारो निरुपयोगी सह्या चढवून त्या वापरायला अवघड करून टाकल्या गेल्या. त्याच महिन्यात सुरू झालेला कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा सर्व्हर पत्त्यावर मेल पाठवून मालकाचा होकार घेतल्याशिवाय चावी त्या पत्त्याखाली दाखवत नाही. आमची चावी आम्ही तिथेच ठेवली आहे.

मुदतीच्या बाबतीत ओपनपीजीपी स्पष्टपणे सरस आहे. थंडरबर्ड नव्या चावीला तीन वर्षांची मुदत घालतो, पण ती संपत आली की तीच चावी ठेवून मुदत वाढवता येते, ठसा बदलत नाही, आणि जुने मेल पूर्वीसारखेच उघडतात. एस-माइममध्ये दर नूतनीकरणाला नवे प्रमाणपत्र, बहुतेक वेळा नवी चावी, आणि जुन्या चाव्यांची वाढती रांग. उलट ओपनपीजीपीच्या मानकात सध्या घरातली वाटणी झाली आहे: जुलै २०२४ मध्ये आरएफसी ९५८० हे नवे मानक प्रसिद्ध झाले, प्रोटॉन ही मेलसेवा आणि सिक्वोया हे ओपनपीजीपीचे सॉफ्टवेअर त्याच्या बाजूने आहेत, तर जीएनयूपीजी लिब्रेपीजीपी या वेगळ्या वाटेने गेले आहे. म्हणून नवी चावी तयार करताना अगदी नव्या प्रकाराच्या मागे न लागता, आजवर सर्वत्र चालत आलेली जुन्या पद्धतीची चावीच घ्यावी, असे मला वाटते.

सुरक्षेच्या दृष्टीने मोठा धक्का दोन्हींना एकदमच बसला. मे २०१८ मध्ये जर्मनी आणि बेल्जियममधील संशोधकांनी ‘ईफेल’ नावाची त्रुटी दाखवली: हल्लेखोराच्या हाती जुना एन्क्रिप्टेड मेल असेल तर तो त्यात फेरफार करून आपल्यालाच पुन्हा पाठवतो, आपला मेल प्रोग्रॅम तो उघडतो, आणि आत पेरलेल्या चित्राच्या पत्त्यातून उघडलेला मजकूर हल्लेखोराच्या सर्व्हरकडे जातो. मेल प्रोग्रॅम त्यानंतर सुधारले, एस-माइमच्या २०१९च्या चौथ्या आवृत्तीत मजकुरात फेरफार झाल्यास कळेल अशी पद्धतही आली. तरी आमच्या सर्व संगणकांवर मेलमधली बाहेरची चित्रे बंद आहेत आणि ती तशीच राहतील.

रोजच्या वापरातल्या अडचणीही नोंदवायला हव्यात. एकाच मेलचे दोन वाचक असतील, एक एस-माइमवाला आणि एक ओपनपीजीपीवाला, तर थंडरबर्ड दोघांना एकत्र एन्क्रिप्टेड मेल पाठवू शकत नाही. दोन वेगळे मेल लिहावे लागतात. कोणी कोणाला कधी लिहिले हे दोन्हींत उघडेच राहते. विषयाची ओळ थंडरबर्ड ओपनपीजीपीत झाकतो आणि बाहेर नुसती तीन टिंबे दिसतात, पण एस-माइमचा आमचा अनुभव विषय उघडाच जातो असा आहे, म्हणून विषयात पक्षकाराचे नाव लिहायचे नाही असे आम्ही सर्वांना सांगून ठेवले आहे. एन्क्रिप्टेड मेलच्या आतला मजकूर शोधता येत नाही. “त्या हॅम्बुर्गच्या घराचा करार” शोधायला तारीख आठवावी लागते. सेटिंग नसलेल्या फोनवर मेल उघडला तर मजकुराच्या जागी एसमाइम डॉट पी-सेव्हन-एम नावाची एक अटॅचमेंट तेवढी दिसते आणि ग्राहक घाबरून फोन करतो. शिवाय खासगी चावी चोरीला गेली तर दोन्ही मानकांत मागचे सगळे मेल एका दमात उघडे पडतात; म्हणून थंडरबर्डचा मुख्य पासवर्ड घातल्याशिवाय त्यात चावी ठेवू नये. तो नसेल तर संगणक हाती लागलेल्या कोणालाही ती वापरता येते.

मला कोणी विचारले की काय घ्यावे, तर मी आधी समोरच्या टोकाला कोण आहे ते विचारते. बँक, मोठी कंपनी, परदेशी वकील किंवा रुग्णालय असेल आणि त्यांच्याकडे आउटलुक असेल, तर एस-माइम घ्या, त्यासाठी पैसे खर्च करा, आणि सर्वत्र मान्य असलेल्या संस्थेचेच घ्या. पत्रकार, संशोधक, मानवाधिकारांसाठी काम करणारे लोक, किंवा ज्यांच्याशी तुम्ही प्रत्यक्ष बोलू शकता अशी मोजकी माणसे असतील, तर ओपनपीजीपी. समोरचा प्रोटॉन मेल वापरत असेल तरी ओपनपीजीपीच, कारण प्रोटॉन आतून तेच वापरते आणि थंडरबर्डमधून त्यांच्याशी थेट एन्क्रिप्टेड व्यवहार होतो. जीमेलच्या मोफत खात्यावर ब्राउझरमध्येच राहणाऱ्याला एस-माइमची सोय नाही. त्याच्यासाठी मेलव्हेलोपसारखे ओपनपीजीपीचे पूरक साधन हा मार्ग उरतो. आमच्यासारख्या, सर्व प्रकारच्या लोकांशी संबंध येणाऱ्या छोट्या कार्यालयाला दोन्ही ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि थंडरबर्डमध्ये ‘उपलब्ध चावीप्रमाणे आपोआप निवडा’ हा पर्याय लावला की दोन्ही ठेवणे जड जात नाही.

आमच्या युरोपीय प्रमाणपत्राचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. जुन्या प्रमाणपत्रांच्या फाइली आणि ओपनपीजीपीच्या खासगी चावीची प्रत दोन पेन ड्राइव्हवर आहे; एक कार्यालयाच्या कपाटात, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये. प्रत्येकावर वर्ष लिहिलेली पांढरी पट्टी चिकटवली आहे, चावी रद्द करण्याचे प्रमाणपत्र कागदावर छापून सोबत ठेवले आहे, आणि पासवर्डचे पाकीट माझ्या सहकाऱ्याच्या घरी आहे. डीएससी नूतनीकरणाला देताना डोंगलसोबत आता आम्ही एक चिठ्ठी देतो: “आतले काहीही पुसण्याआधी फोन करावा.”